मिरगापासून वही: कोल्हापुरात नक्षत्रांच्या हिशेबानं निसर्ग कसा टिपायचा

२०२२ च्या जूनच्या मध्याला रंकाळ्यावर सकाळी फिरताना एका ओळखीच्या काकांनी विचारलं, "कुठलं नक्षत्र चाललंय गं?" मी रुबाबात मोबाईल काढला, पंचांगाचं ॲप उघडलं आणि सांगितलं, "श्रवण." काका आधी हसले, मग गप्पच झाले. जूनमध्ये श्रवण म्हणणारी मुलगी कोल्हापुरात राहते, याचंच त्यांना वाईट वाटलं असावं.

आजोळ राधानगरी तालुक्यातलं असूनही माझी ही गत. त्या दिवशी घरी येऊन एक वही सुरू केली. पहिल्या दोन वर्षांत तिच्यात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. तुम्ही शहरात नवे असाल, किंवा इथलेच असून आकाशाकडे फक्त छत्री घ्यायची की नाही एवढ्यासाठी बघत असाल, तर पुढचं वाचून तुमची ती दोन वर्षं वाचतील.

काय काय लागेल

भिंतीवरची दिनदर्शिका किंवा छापील पंचांग. जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. पेन्सिल, आणि ती पेन्सिलच हवी. माझं पहिल्या वर्षाचं आर्द्रा नक्षत्र जेल पेननं लिहिलेलं होतं. एका सरीत त्याचं निळं डबकं झालं. एक सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली आणि मोजपट्टी. फोन तर असतोच. दुर्बीण असली तर चांगलं, नसली तर पहिलं वर्ष काही अडत नाही. दाजीपूरसारख्या ठिकाणी जाणार असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा, नाक्यावर नोंद करून शुल्क भरावं लागतं. आणि पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं, तेव्हा जुलैत गाडी काढून हेलपाटा घालू नका.

१. आधी सूर्याचं नक्षत्र धरा, चंद्राचं सोडा

सगळ्यात जास्त माणसं इथं फसतात. दिनदर्शिकेत रोजच्या चौकोनात जे नक्षत्र छापलेलं असतं ते चंद्राचं. चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो, म्हणून ते रोज बदलतं. मी काकांना सांगितलं होतं ते हेच. शेतकरी "मिरग लागला" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सूर्य असतो. सूर्याला सत्तावीस नक्षत्रं फिरायला एक वर्ष लागतं, म्हणजे एकेका नक्षत्रात तो साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो. दिनदर्शिकेत त्या तारखेला बारीक अक्षरात "सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश, वाहन अमुक" असं दिलेलं असतं. ती ओळ शोधायची.

पावसाची म्हणून जी नक्षत्रं धरतात, त्यांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. लीप वर्षामुळे एखादा दिवस इकडेतिकडे होतो:

रोहिणी – २५ मे
मृग (बोलताना मिरग) – ७ किंवा ८ जून
आर्द्रा (आडदरा) – २१ किंवा २२ जून
पुनर्वसू (तरणा पाऊस) – ५ किंवा ६ जुलै
पुष्य (म्हातारा पाऊस) – १९ किंवा २० जुलै
आश्लेषा – २ किंवा ३ ऑगस्ट
मघा – १६ किंवा १७ ऑगस्ट
पूर्वा – ३० किंवा ३१ ऑगस्ट
उत्तरा – १३ सप्टेंबर
हस्त (हत्ती) – २६ किंवा २७ सप्टेंबर
चित्रा – १० किंवा ११ ऑक्टोबर
स्वाती – २३ किंवा २४ ऑक्टोबर

ओघानं आणखी एक गोष्ट. सूर्य मृगात असताना रात्री आकाशात मृग शोधायला गच्चीवर जाऊ नका. सूर्य ज्या तारकांपाशी आहे त्या दिवसा उगवतात नि दिवसा मावळतात, त्यामुळे जूनमध्ये मृग दिसतच नाही. तो बघायचा जानेवारी-फेब्रुवारीत, रात्री नऊच्या सुमाराला, उंच चढलेला. मी जूनमध्ये ढग पांगायची वाट बघत तीन रात्री जागले होते. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही.

वाहनाबद्दलही इथंच सांगून टाकते. बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस भरपूर, गाढव-उंदीर असलं की बेभरवशाचा, असं मानतात. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं आणि उरलेल्या बाकीवरून वाहन ठरवायचं, अशी ती रीत आहे. ढगांचा त्यात काही हात नाही. वहीत वाहन जरूर लिहा, दरवर्षी ताडून बघायला मजा येते. पण त्याच्या भरवशावर वाळवण घालू नका.

२. मराठी महिन्याच्या पानावर नोंदी करू नका

ही माझी २०२३ ची चूक. आदल्या वर्षी मी "श्रावण पहिला आठवडा, तेरडा फुलायला लागला" असं लिहिलं होतं. २०२२ चा श्रावण २९ जुलैला सुरू झाला होता. २०२३ ला अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, आणि निज, म्हणजे नेहमीचा, श्रावण त्याच्यानंतर. माझ्या वहीप्रमाणे तेरडा त्या वर्षी कधी आधी फुलला, कधी नंतर, कशाचाच मेळ बसेना. तेरडा आपल्या वेळेला आला होता, सरकला होता तो महिना.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं असतं. ती तूट भरायला साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालतात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे. सण तिथीवर चालतात आणि झाडं सूर्यावर. म्हणून बेंदूर, गणपती, दसरा यांच्या तारखा समासात लिहा, पण पान नक्षत्राचं ठेवा.

दोन्ही घड्याळं शेजारीशेजारी बघायची असतील तर कोल्हापुरात हादगा बघा. जुन्या रितीत सूर्य हस्तात शिरला की हादगा बसायचा आणि सोळा दिवस चालायचा. पाटावर हत्ती काढायचा तो हस्ताचाच. नवरात्र मात्र आश्विन शुद्ध प्रतिपदेला. हल्ली बऱ्याच ठिकाणी हादगा नवरात्रातच उरकतात, त्यामुळे हा फरकच लोकांच्या लक्षातून गेला. माझी आज्जी म्हणायची, "हत्ती लागल्याशिवाय हत्ती काढायचा न्हाई." तेव्हा ते मला कोडं वाटायचं.

३. एक जागा, एक झाड

नव्या माणसाचा उत्साह असा असतो की पहिल्याच रविवारी पन्हाळा, दुसऱ्या रविवारी राधानगरी, तिसऱ्याला आंबा घाट. फोटो सुंदर येतात, वही कोरी राहते. घरापासून चालत दहा मिनिटांत पोचाल अशी जागा निवडा. रंकाळ्याचा काठ, कळंबा तलाव, शिवाजी विद्यापीठाचं आवार (मोर तर तिथं हमखास दिसतात), नाहीतर तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा करंज. करंज मुद्दाम सांगते आहे. शहरात रस्तोरस्ती आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याला येणारी पोपटी पालवी आंधळ्यालाही दिसावी इतकी झगझगीत असते. शिकाऊ माणसाला त्याच्याइतकं सोयीचं झाड नाही.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्या झाडापाशी पाच मिनिटं थांबा आणि पाच गोष्टी लिहा: कोवळं पान, जून पान, कळी, फूल, फळ. प्रत्येकापुढे तीनच शब्द चालतील, "नाही", "थोडं" किंवा "भरपूर". देशभर झाडांच्या नोंदी गोळा करणाऱ्या सीझनवॉच या उपक्रमात अशाच धर्तीवर नोंद करतात. पुढं तुमची वही त्यांना देता येईल.

"भरपूर" म्हणजे किती हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. मी निम्म्याहून जास्त फांद्या धरते. हे ठरवलं नाही तर काय होतं ते बहाव्यावरून सांगते. बहावा फुलला की दीड महिन्यानं पाऊस, असं सगळे सांगतात. मी दोन वर्षं ताडून बघितलं नि दोन्ही वर्षं ते खरं निघालं. मग लक्षात आलं की एका वर्षी मी पहिलं फूल धरलं होतं आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण बहर. मधे दोन-तीन आठवड्यांचं अंतर. एवढी सूट दिली तर कुठलंही भाकीत खरं ठरतं!

४. पाऊस स्वतः मोजा

बाटलीचा वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून ते बुडतील एवढं पाणी घाला. ते पाणी जिथं सपाट होतं तिथं शून्याची रेघ मारा. रोज सकाळी साडेआठला त्या रेघेपासून वर किती मिलिमीटर चढलं ते मोजायचं आणि पाणी परत रेघेपर्यंत आणायचं. हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठलाच संपतो, म्हणून आपले आकडे त्यांच्याशी ताडता येतात. बाटली उघड्यावर हवी. मी पहिल्यांदा ती गच्चीत पत्र्याच्या कडेला ठेवली होती आणि पागोळ्यांचं पाणी मोजून शेजाऱ्यांना घाबरवत होते.

मोजायचं का, तर आपल्या जिल्ह्यात "पाऊस पडला" या वाक्याला गावाचं नाव जोडल्याशिवाय अर्थच नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो, शहरात हजाराच्या आसपास, आणि शिरोळात पाचशेच्या घरात. सगळं मिळून शंभरेक किलोमीटरचा पट्टा. गगनबावड्याची आर्द्रा आणि शिरोळची आर्द्रा यांची गाठ फक्त पंचांगात पडते.

पावसाबरोबर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळीही लिहून ठेवा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे कोल्हापूरच्या पोरासोरांना पाठ असतात. आपल्याकडे थेंब नसताना नदी चढते तेव्हा समजायचं, कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीच्या डोक्यावर पश्चिमेला कोसळतोय.

५. नक्षत्रागणिक काय बघायचं

*रोहिणी.* उकाडा, दुपारनंतर ढग, कधी वळीव. भातपट्ट्यात धूळवाफेवर पेरणी याच नक्षत्रात करायची रीत, कोरड्या मातीत बी टाकून वरून पावसाची वाट बघायची. राधानगरीच्या बाजूला जंगलात काजवे लागतात. बघायला गेलात तर गाडीचे दिवे नि फोनचा टॉर्च बंद ठेवा; काजव्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते, तुमच्या उजेडात ती विझते. कावळ्याची घरटी शोधा. कोकीळ एवढा का ओरडतोय त्याचं उत्तर त्या घरट्यात असतं, कोकिळा अंडी तिथंच घालते.

*मृग.* पाऊस आला असेल तर पहिल्या दोन दिवसांत घराबाहेर पडाच, पुन्हा वर्षभर हे दिसत नाही. वाळवीला पंख फुटून संध्याकाळी दिव्याभोवती थवे जमतात. डबक्यात बेडकांचे नर हळदीसारखे पिवळे होऊन ओरडत असतात. ओलसर मातीवर लाल मखमलीचा थेंब चालताना दिसला तर तो मिरगाचा किडा. त्याला किडा म्हणतात, पण पाय मोजा, आठ भरतील. तो कोळ्याच्या गोतातला. पोरं काड्यापेटीत भरतात, आम्हीही भरले, बिचारे दोन दिवसांत मरायचे.

पावशा आणि चातक यांची गल्लत इथं ठरलेली. पावशा म्हणजे "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणत आवाज चढवत नेणारा, दिसायला शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा राखाडी. तो उन्हाळ्यातच ओरडायला लागतो, तेव्हा त्याच्या शब्दावर पेरू नका. चातक काळापांढरा, डोक्यावर तुरा, मोसमी वाऱ्यांच्या सुमाराला आफ्रिकेकडून येणारा. चातक पहिल्यांदा दिसला ती तारीख माझ्या वहीत लाल पेन्सिलीनं असते.

आणि पाऊस आला नसेल तर? तेही लिहा. २०२३ चा मृग जवळपास कोरडा गेला. मी ८ जूनला उत्साहानं मामांना फोन केला, मिरग लागला म्हणून. ते म्हणाले, "आगं, कागदावरचा लागलाय. रानातला लागायचाय अजून." २०२५ ला नेमकं उलट झालं. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. आपल्याकडे रोहिणी लागायच्या आधीपासूनच झोडपत होतं. धूळवाफेला धूळच नाही म्हणून मामा त्या वर्षी हताश बसले होते. तेव्हापासून मी प्रत्येक पानावर दोन रकाने करते, एक कागदावरचा, एक रानातला.

*आर्द्रा, पुनर्वसू.* टाकळा, कुरडू या रानभाज्या आधी बांधावर आणि मग मंडईत दिसतात. बांधावर ओळखता येत नसतील तर मंडईत घ्या नि विकणाऱ्या मावशींना विचारा, त्या देठासकट शिकवतात. अळंबीच्या बाबतीत मात्र स्वतःची हुशारी चालवू नका. जाणत्यानं काढलेलीच घ्या. भाताची रोपलावण याच काळात असते. चिखलगुठ्ठ्यात उतरायला कुणी बोलावलं तर जरूर जा, पण दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसायची तयारी ठेवा.

*पुष्य आणि आश्लेषा.* पुनर्वसू तरणा म्हणून जोराचा आणि पुष्य म्हातारा म्हणून रिपरिपणारा, असं नाव सांगतं. आता महापुरांच्या तारखा बघा. २००५ चा जुलै अखेरचा, पुष्य. २०२१ चा २२ जुलैनंतरचा, पुष्य. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला, आश्लेषा. नदीकाठी घर भाड्यानं घेणाऱ्या नवख्या माणसाला मी हे आवर्जून सांगते: म्हातारा आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. तोवर जमीन पिऊन तट्ट झालेली असते, धरणं भरत आलेली असतात, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडायला लागतात. म्हाताऱ्याला मग फारसं काही करावं लागत नाही. या दिवसांत पक्षी-फुलं राहू द्या, पातळी लिहा, आणि पूर बघायला पुलावर गर्दी करू नका.

*मघा, पूर्वा.* उघडीप. ऊन-पाऊस. फुलपाखरं, चतुर. सुगरणीची घरटी लोंबायला लागतात. माझ्या वहीत ही पानं दरवर्षी अर्धी रिकामी असतात, कारण गणपती.

*उत्तरा, हस्त.* वर्षातलं सगळ्यात देखणं पान. पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर जांभ्याच्या कातळावर बोटभर माती असते, आणि त्या बोटभर मातीत गेंद, सोनकी, तेरडा, सीतेची आसवं एकामागून एक येतात. सीतेची आसवं निळीजांभळी, नाजूक, आणि किडे खाणारी. वाकून बघा, पण पाय कुठं ठेवताय ते आधी बघा. झोपून फोटो काढणाऱ्यांनी दरवर्षी केवढी तुडवातुडव केलेली असते. हस्तात विजा कडाडून परतीचा पाऊस येतो. दुपारी तीननंतर पठारावर थांबायचं नाही, तिथं आडोसा नाही.

*चित्रा, स्वाती.* ऑक्टोबरचं ऊन, मग पहाटे दव. धोबी पक्षी शेपटी हलवत रंकाळ्याच्या काठावर हजर झालेला असतो. कोळ्यांची जाळी बघायला स्वातीच्या पहाटेसारखी वेळ नाही.

६. म्हणी गोळा करा, पण कोणत्या गावच्या ते लिहा

"पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा." एवढं पिकेल की कुत्रासुद्धा भाताला तोंड लावणार नाही, आणि नाहीच पडला तर पितरांच्या पानावर वाढायलाही मिळणार नाही. हीच म्हण काही जण उत्तराऐवजी चित्रावर लावून सांगतात. आधी मला वाटायचं, कुणीतरी चुकतंय. मग कळलं की भाताला दाणा भरताना पाणी लागतं, आणि दाणा कधी भरणार ते जात हळवी (लवकर पिकणारी) की गरवी (उशिरा पिकणारी) यावर ठरतं. हळव्या भाताच्या गावची म्हण आधीच्या नक्षत्राची, गरव्याच्या गावची पुढच्या. निदान मी तरी अशी संगती लावते.

मघाची म्हणही विचारा, "पडल्या मघा तर..." अशी सुरू होते. पुढचं म्हातारी माणसं हसत हसत सांगतील. मला लिहायची लाज वाटते.

"पडेल हत्ती तर पडतील भिंती" ही मातीच्या घरांच्या काळातली. आणि हस्ताचा पाऊस शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, चांगला, हे आजही खरं असलं तरी त्याच दिवसांत आता सोयाबीन कापून रानात पडलेलं असतं. म्हणी सोयाबीन येण्याच्या आधीच्या. एकाच सरीला एक भाऊ हात जोडतो नि दुसरा शिव्या देतो, असं आमच्या आजोळी डोळ्यांनी पाहिलंय.

विचारायला जाताना वही उघडून मुलाखत घेतल्यासारखं बसू नका. "मामा, औंदा आडदरा कसा झाला?" एवढं विचारा आणि चहा येईपर्यंत गप्प बसा. पुढचं आपोआप येतं. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, कावळ्याचं घरटं अमुक झाडावर असलं की कमी, असं कायकाय ऐकाल. खोडून काढायला जाऊ नका, मान डोलावून एकदम पक्कं म्हणूनही लिहू नका. "अमक्या गावी ऐकलं" असं लिहा आणि पुढं तीन-चार वर्षांच्या तारखांना जागा सोडा. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेतली भाकणूक, म्हणजे भाकीत, ऐकायला मीही जाते, तिचंही वहीत वेगळं पान आहे.

एक बारीक गोष्ट. नक्षत्रांच्या तारखा इंग्रजी तारखेच्या हिशेबानं साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढं सरकतात, कारण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो. हजार वर्षांत पंधरवडाभर, म्हणजे एक अख्खं नक्षत्र. आज्जीच्या म्हणीला त्यानं काही धक्का लागत नाही; फार जुन्या वचनाला मात्र लागतो.

७. दिवाळीनंतर वही बंद करू नका

बहुतेकांची वही स्वातीला मिटते ती मिरगालाच उघडते, कारण पुढच्या नक्षत्रांची नावं शेतकरीही फारशी घेत नाहीत. पण पानं सत्तावीस आहेत. विशाखा ६ नोव्हेंबरच्या आसपास लागतं, आणि त्याच नक्षत्रात ९, १०, ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून येऊन मूर्तीपर्यंत पोचतात. सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो, परत फिरतो आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला पुन्हा त्याच जागी मावळतो, तेव्हा दुसरा किरणोत्सव. ढग किंवा धुरकं आलं तर किरण मधेच अडतात. कुठवर पोचले तेही टिपा. दगडात बांधलेलं एवढं मोठं सौर कॅलेंडर गावाच्या मधोमध असताना आपण मोबाईलमध्ये नक्षत्र शोधतो!

डिसेंबरात उसाला तुरे आलेले असतात, आंब्याला मोहोर धरायला लागतो. फेब्रुवारीत पांगारा आणि काटेसावर, पाठोपाठ पळस. रस्त्याच्या कडेला जिथं जिथं पांगारा उरलाय तिथं साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची नुसती झुंबड असते. अर्धा तास एकाच झाडाखाली उभं राहून पंधरा नोंदी होतात. मार्चमध्ये कुसुंबाची पालवी इतकी लाल की लांबून फुलंच वाटावीत. नवखा माणूस "लाल फुलांचं अनोळखी झाड" असं लिहितो. मीही लिहिलं होतं. अश्विनी-भरणीत, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून, बहावा आणि आपलं राज्यपुष्प तामण. कृत्तिका ११ मेच्या आसपास. तोवर करवंदं पिकलेली.

८. वहीची मांडणी

प्रत्येक नक्षत्राला सात पानं द्या. सत्तावीस साते एकशे एकोणनव्वद, दोनशे पानी वहीत बसतात आणि वर तारखांची यादी, म्हणींना अकरा पानं उरतात. सातांतलं पहिलं पान मांडणीचं, बाकीची सहा पानं पुढच्या सहा वर्षांना एकेक. पानाच्या डोक्यावर कागदावरची तारीख आणि शेजारी रानातली. खाली पाऊस मिलिमीटरमध्ये, नदीची पातळी, झाडाच्या पाच गोष्टी, आणि "पहिल्यांदा दिसलं/ऐकलं" असा एक मोकळा चौकोन. फोटो काढलात तर त्याची तारीख वहीत लिहा. फोन बदलला की फोटो जातात, माझे २०२२ चे असेच गेले.

सुरुवात कुठल्याही नक्षत्रात करा, मिरगाची वाट बघायची गरज नाही. आज कोणतं चाललंय तेवढं वरच्या यादीतून काढा, त्याचं पान उघडा, आणि खाली जाऊन करंजाला फूल आहे का ते बघून या. रंकाळ्यावरच्या त्या काकांना मी आता रोज न विचारताच नक्षत्र सांगते. परवा म्हणाले, "पुरे गं बाई, कळलं."